कुळाचं मूळ : सिंदखेडच्या जाधवांची वंशावळ कशी वाचावी

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. आजच्या व्याख्यानात आपण कूळच विचारणार आहोत, पण ते ऋषीचं नाही, सरदाराचं. सिंदखेडच्या जाधवांचं. आणि विचारणार आहोत ते त्या घराण्याला कमी लेखायला नाही, वंशावळ नावाचा लेखनप्रकार कसा वाचायचा हे समजून घ्यायला.

अकोल्यात हा विषय घ्यायला एक कारण आहे. वऱ्हाडात वंशावळ हा शब्द आज इतिहासाच्या पुस्तकापेक्षा सेतू केंद्रात जास्त ऐकू येतो. जातीच्या दाखल्यासाठी, पडताळणीसाठी वंशावळ लिहून द्यावी लागते. पणजोबा, आजोबा, वडील, मी. त्यातल्या एकाच्या नावापुढे कोतवाल बुकात, शाळेच्या दाखल्यात किंवा जुन्या महसुली कागदात जातीची नोंद सापडली पाहिजे, आणि ती ठरलेल्या तारखेच्या आधीची पाहिजे. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१. म्हणजे घरात कॉलेजला जाणारं पोरगं असेल तर आई-बापाला वंशावळीचा अभ्यास करावाच लागतो. एक नाव निसटलं तर अर्ज अडकतो, आणि पोराची ॲडमिशनही.

याच वऱ्हाडात दुसरी वंशावळही चालते. ती भिंतीवर फ्रेम करून लावलेली असते, लग्नाच्या वेळी सांगितली जाते, घराण्याच्या पुस्तिकेत छापलेली असते. तिच्यात नावं मोठी असतात, तारखा कमी असतात, आणि तिच्याकडे कोणी नक्कल मागत नाही. एका वंशावळीला आपण प्रत्येक नावासाठी पुरावा मागतो आणि दुसरीला एकाही नावासाठी मागत नाही. आमचं म्हणणं असं, की दोन्हींना तोच प्रश्न विचारला पाहिजे.

आता सिंदखेडकडे येऊ. बुलढाणा जिल्ह्यातलं सिंदखेडराजा. जिजाऊंचं जन्मगाव. दर १२ जानेवारीला तिथे माणसांचा पूर येतो. जिजाऊंचे वडील लखुजी जाधव हे निजामशाहीतले बडे सरदार. त्यांची समाधी गावात आजही उभी आहे. २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात, म्हणजे दौलताबादेत, निजामशहाच्या दरबारात लखुजी, त्यांचे मुलगे अचलोजी आणि राघोजी, आणि नातू यशवंतराव यांना दगा देऊन मारलं गेलं. एका दिवसात एका घरातल्या तीन पिढ्या. इतिहास इथे पक्का आहे. फारशी तवारिखा आहेत, मराठी कागद आहेत, पुढच्या घडामोडी आहेत.

पण घराण्याची छापील वंशावळ लखुजींपासून सुरू होत नाही. ती देवगिरीच्या यादवांपासून सुरू होते. रामदेवरायापासून, कधी त्याच्याही मागे जाऊन श्रीकृष्णापासून. ज्या किल्ल्यात लखुजींचा खून झाला तो त्यांच्याच पूर्वजांचा, असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. कथा म्हणून ती फार ताकदीची आहे. आणि म्हणूनच ती तपासून घ्यावी लागते.

पहिला प्रश्न पिढ्यांच्या हिशेबाचा. रामदेवराय गेला १३११ च्या सुमारास. त्याचा मुलगा शंकरदेव १३१३ मध्ये मारला गेला. हरपाळदेवाचं बंड मोडून त्याला ठार केलं ते १३१८ च्या आसपास. तिथे यादवांचं राज्य संपलं. लखुजींची कर्तबगारी सुरू होते सोळाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत. मधे साधारण २६० वर्षं. एक पिढी पंचवीस ते तीस वर्षांची धरली तर नऊ-दहा पुरुष हवेत. तुमच्या हातातल्या वंशावळीत तिथे पाच-सहाच नावं असतील तर एकतर पिढ्या गळाल्या आहेत किंवा सांधा नंतर बसवला आहे. नावं पुरेशी असली तरी काम संपत नाही. त्यातल्या प्रत्येकाचा एखादा कागद, शिलालेख किंवा दानपत्र त्याच्याच काळातलं आहे का, हे पाहावं लागतं.

दुसरा प्रश्न नावाचा. जाधव हा शब्द यादववरून आला, यात भाषेच्या दृष्टीने काहीच अडचण नाही. यात्राची जत्रा झाली, योगीचा जोगी झाला, यमुनेची जमना झाली, तसा यादवचा जाधव. पण शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे माणसाची वंशावळ नव्हे. आपल्याच भागात बघा. मराठ्यांत जाधव आहेत, बौद्धांत जाधव आहेत, वाशीम-पुसदकडे बंजारा तांड्यांत जाधव आहेत. एकच आडनाव इतक्या वाटांनी चालत आलेलं आहे. आडनावाच्या बळावर एकाला राजवंश द्यायचा आणि बाकीच्यांना द्यायचा नाही, हे कोणत्या नियमाने? हा प्रश्न विचारला की भिंतीवरच्या वंशावळीचं खरं काम दिसायला लागतं. ती जितकी जोडते, तितकीच वगळतेही.

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा : हा दावा पहिल्यांदा कधी लिहिला गेला, आणि कोणासाठी?

इथे खुद्द यादवांचं उदाहरण घेऊ. हेमाद्री पंडिताने व्रतखंडात यादवांची राजप्रशस्ती लिहिली. ती चंद्रापासून, यदूपासून सुरू होते, श्रीकृष्णाच्या कुळातून खाली येते आणि मग दृढप्रहार, सेउणचंद्र अशा राजांपर्यंत पोचते. हेमाद्री तेराव्या शतकातला. दृढप्रहार त्याच्या साधारण चारशे वर्षं आधीचा. मग हेमाद्रीवर विश्वास ठेवायचा का? थोडा ठेवता येतो, कारण ताम्रपट आहेत. शके ९२२ चा, म्हणजे इसवी सन १००० चा, संगमनेर ताम्रपट दुसऱ्या भिल्लमाचा आहे, आणि पुढचेही आहेत. त्यांच्याशी हेमाद्रीची यादी बऱ्याच अंशी जुळते. म्हणजे दृढप्रहारापासून खालचा भाग तपासता येतो. वरचा, कृष्णापर्यंतचा, श्रद्धेचा आहे. ज्या यादवांशी आपण नातं जोडतो त्यांनीही आपली सुरुवात पुराणातल्या वंशाशीच जोडून घेतली होती. राजाला ते लागतच असे.

भोसल्यांचंही असंच. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिसोदिया कूळ पुढे आलं, म्हणून ते तेव्हाच बनवलं, असं काही जण एका वाक्यात निकाल देतात. पण शहाजीराजांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त हे नातं राज्याभिषेकाच्या आधीच सांगितलेलं आहे. हा ग्रंथ राजवाड्यांनी १९२२ साली छापला. म्हणजे दावा खरा ठरला असं नाही, दावा जुना ठरला. दुसरीकडे रा. चिं. ढेऱ्यांनी शिखर शिंगणापूरच्या अभ्यासातून भोसल्यांचा धागा दक्षिणेच्या होयसळांकडे नेला. कोण बरोबर, हा आजचा विषय नाही. आपण घ्यायचं ते एवढंच, की वंशावळ खरी की खोटी या प्रश्नाच्या आधी ती कधीची, हा प्रश्न येतो. तो टाळून स्वीकार केला तरी घाई, आणि नकार दिला तरी घाईच.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं आहे असं समजू नका. जरा लांब, युरोपात जाऊन येऊ. फ्रान्सच्या उत्तरेला नॉर्मंडी. तिथल्या सरदारांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकलं आणि मोठमोठ्या जमिनी मिळवल्या. पुढे बाराव्या शतकात रॉबर्ट ऑफ टॉरिन्यी नावाच्या मठवासीने या घराण्यांच्या वंशावळी लिहून काढल्या. मॉन्टगोमेरी असोत, वॉरेन असोत, जिफर्ड असोत, एकेक घराणं त्याने नॉर्मंडीच्या एका डचेसशी, गुन्नोरशी, जोडलं. कोणी तिच्या बहिणीचं, कोणी तिच्या भाचीचं. गुन्नोर १०३१ मध्ये वारली. रॉबर्ट लिहीत होता त्याच्या शंभरेक वर्षांनी. पुढच्या संशोधकांनी ही नाती मठांच्या दानपत्रांशी ताडून पाहिली, तेव्हा काही टिकली आणि काहींत पिढ्यांची सरमिसळ दिसली.

पण त्या वंशावळींत एक गोष्ट आपल्यापेक्षा वेगळी आहे. तिथे सांधा बाईच्या बाजूने जोडलेला आहे. बहीण, भाची, मुलगी. कारण तिथे जमीन मुलीकडूनही जायची. आपल्याकडे वतन मुलाकडे, म्हणून वंशावळीत मुलगेच. सिंदखेडच्या जाधवांच्या झाडाकडे या नजरेने पाहा. या घराण्यातली सगळ्यांत मोठी व्यक्ती कोण, असं विचारलं तर वऱ्हाडातलं शेंबडं पोरगंही जिजाऊंचं नाव घेईल. पण पुरुषांच्या वंशावळीत जिजाऊ म्हणजे लखुजींच्या नावाशेजारची एक बारीक रेघ. ती भोसल्यांच्या घरात जाते आणि झाड तिला सोडून पुढे चालू लागतं. ज्यांच्यामुळे लोक ही वंशावळ वाचतात, त्यांना वंशावळीत पुरती जागा नाही. आजच्या पडताळणीच्या अर्जातही बापाकडचीच बाजू चालते. साडेतीनशे वर्षांत कागद बदलला, रेघ तीच राहिली.

मग जाधवांच्या वंशावळीत काहीच विश्वासाचं नाही का? उलट आहे. लखुजींपासून खाली उतरा. दगाफटक्यातून वाचलेली भावकी पांगली, कोणी मोगलांकडे, कोणी इतरत्र. अचलोजींच्या शाखेत पुढे धनाजी जाधव आले, ते मराठ्यांचे सेनापती झाले. धनाजींचा मुलगा चंद्रसेन १७११ मध्ये शाहूमहाराजांना सोडून गेला आणि निजामाकडे स्थिरावला. १७५७ मध्ये तर खुद्द सिंदखेडजवळ मराठे आणि निजाम यांची लढाई झाली, आणि तिथे सिंदखेडचे रामचंद्र जाधवराव निजामाच्या बाजूने उभे होते. एकाच कुळाची माणसं दोन्ही छावण्यांत. हे मिरवायला कोणी फ्रेम करत नाही, पण हे कागदाला धरून आहे.

आणि याच्याही खाली, जिथे मिरवण्यासारखं काहीच नाही, तिथे तर वंशावळी आणखी भरवशाच्या होतात. वतनाची वाटणी, देशमुखीचा हक्क, भावाभावांचा तंटा. अशा तंट्यात लिहिलेला करीना, महजर, निवाडा घ्या. तिथे समोर विरोधी पक्ष बसलेला असतो. एक नाव खोटं घातलं तर चुलत भाऊच उठून हरकत घेणार. त्र्यंबकेश्वर, पैठण इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही तशाच. यात्रेला गेलेला माणूस आपलं, बापाचं, आज्याचं नाव सांगून जातो. त्याला तिथे कुळाची बढाई मारून वतन मिळणार नसतं. म्हणून आम्ही असं म्हणतो, की वंशावळ जिथे छाती काढते तिथे ती सगळ्यांत कच्ची असते आणि जिथे भांडते तिथे सगळ्यांत पक्की.

आता पुन्हा सेतू केंद्राच्या रांगेत येऊ. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदी शोधायला. सुरुवात मराठवाड्यापासून झाली. का? कारण तो भाग निजामाच्या राज्यात होता, आणि वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. सिंदखेडराजा वऱ्हाडात, शेजारचं जालना निजामाकडे. मधे एक सीमा, दोन्हीकडे एकच माणसं, एकमेकांत सोयरिकी. पण एका बाजूच्या दप्तरात एक प्रकारची नोंद आणि दुसऱ्या बाजूच्या दप्तरात दुसरी. म्हणजे कुणाचं मूळ सापडतं आणि कुणाचं सापडत नाही, हे बऱ्याचदा रक्तावर ठरत नाही, कोणत्या कचेरीत कोणी काय लिहून ठेवलं यावर ठरतं. ज्याच्या पणजोबाकडे ना जमीन होती ना शाळेचा दाखला, त्याला मूळ नव्हतं असं नाही. त्याच्यासाठी कोणी कागद केला नाही, इतकंच.

म्हणून घराण्याची वंशावळ हातात आली की तीन गोष्टी करा. पिढ्या आणि वर्षं मोजा. हा दावा पहिल्यांदा कधी आणि कोणासाठी लिहिला गेला ते पाहा. आणि या घराच्या बाहेरचा, शक्य तर या घराशी भांडणारा एखादा साक्षीदार शोधा. या कसोटीवर सिंदखेडच्या जाधवांचं यादवांशी नातं शक्य आहे, सिद्ध नाही, असं आमचं मत. पण लखुजी, जिजाऊ, धनाजी यांना मोठं व्हायला रामदेवरायाची गरज नाही. जिजाऊंचं मोठेपण त्यांनी काय केलं यात आहे, चौदाव्या शतकात कोण कोणाचा मुलगा होता यात नाही.

एक काम मात्र सगळ्यांनी करा. घरातल्या आजीला तिच्या माहेरची नावं विचारा आणि तारखेसकट लिहून ठेवा. ती वंशावळ कुठल्याच कचेरीत मिळणार नाही.

इथे थांबू या. प्रश्न असतील तर जरूर विचारा.