'मामा' तलावातला मामा कोण?

भंडारा जिल्ह्यात फिरताना तुमच्या कानावर 'मामा तलाव' हा शब्द हमखास पडेल. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, कुणाच्या तरी मामाने बांधला असेल. तसं काही नाही. 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची पहिली अक्षरं म्हणजे 'मा. मा.'. बोलताना टिंबं गळाली आणि मामा उरला. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. ज्याला हे लघुरूप माहीतच नाही असा शाळकरी पोरगाही 'मामा तलावावर चाललो' म्हणतो, आणि बरोबर त्याच तलावावर पोचतो.

हे कसं जमतं? नावाचा अर्थ माहीत नसताना नाव वस्तूला नेमकं कसं लागतं?

माझा पीएचडीचा विषय तलावातल्या पाणवनस्पतींचा. भाषेचं तत्त्वज्ञान माझ्या अभ्यासक्रमात कुठेच नव्हतं. पण नमुन्याच्या प्रत्येक बाटलीवर काहीतरी नाव लिहावं लागतं, त्यामुळे हा प्रश्न माझ्या टेबलावर रोजच असतो. म्हणून आज नावांबद्दलच्या दोन गाजलेल्या सिद्धांतांकडे पाहू. त्यातला पहिला मला पटतो. दुसऱ्याबद्दल माझी तक्रार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. जॉन स्टुअर्ट मिलने 1843 साली लिहिलं की विशेषनाम ही नुसती खूण असते, ती वस्तूचं वर्णन करत नाही. त्याने डार्टमथ या गावाचं उदाहरण दिलं. डार्ट नदीच्या मुखाशी आहे म्हणून डार्टमथ. उद्या नदीने पात्र बदललं तरी गावाचं नाव बदलावंच लागेल असं नाही. पुढे फ्रेगे आणि रसेल यांनी उलट बाजू घेतली. त्यांच्या विचारातून तयार झालेलं मत थोडक्यात असं: नावामागे आपल्या मनात एक वर्णन असतं, आणि ते वर्णन ज्या वस्तूला बसतं तीच त्या नावाची वस्तू.

जानेवारी 1970 मध्ये सॉल क्रिप्केने प्रिन्स्टनला तीन व्याख्यानं दिली, तीही हातात लिहिलेला कागद न घेता. तेव्हा तो 29 वर्षांचा होता. (हे वाचून माझ्यासारख्यांनी फार मनावर घेऊ नये.) 'नेमिंग अँड नेसेसिटी' या नावाने ती 1980 मध्ये स्वतंत्र पुस्तक म्हणून आली. त्याचं म्हणणं असं: कुणीतरी एकदा वस्तूला नाव ठेवतं, म्हणजे बारसं होतं. मग ते नाव एकाकडून दुसऱ्याकडे साखळीसारखं जातं. साखळी शाबूत असेल तर तुमच्या मनातलं वर्णन साफ चुकीचं असलं तरी नाव मूळ वस्तूलाच लागतं.

आपल्या तलावांना हे लावून बघा. 'मालगुजारी तलाव' म्हटलं की सरळ वर्णन डोळ्यापुढे येतं: मालगुजारांनी बांधलेले तलाव. पण यातले बरेच तलाव गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधले. मालगुजारांना जमिनीचे मालकी हक्क मिळाले ते इंग्रजी अमलात, 1860 च्या दशकातल्या जमीनबंदोबस्तात. म्हणजे नाव वस्तूपेक्षा कितीतरी तरुण आहे, आणि त्यातून निघणारं वर्णन अनेक ठिकाणी खोटं आहे. नाव वर्णनावर चालत असतं, तर यातल्या बऱ्याच तलावांना ते लागूच व्हायला नको होतं. पण ते बिनदिक्कत लागतं. इथे क्रिप्के जिंकला.

आता हिलरी पटनम. 'द मीनिंग ऑफ मीनिंग' (1975) या निबंधात तो सांगतो की त्याला एल्म आणि बीच ही दोन झाडं वेगळी ओळखता येत नाहीत. तरी त्याच्या तोंडी 'एल्म' म्हणजे एल्मच. का? तर समाजात ती ओळखणारी माणसं आहेत आणि आपण त्यांच्यावर विसंबतो. सोनं अंगावर घालणाऱ्या प्रत्येकाला ते पारखता यायची गरज नसते, सोनार असतो. याला पटनम भाषिक श्रमविभागणी म्हणतो. विचार सुंदर आहे. पण माझी तक्रार इथूनच सुरू होते: सोनार कोण, हे ठरवतं कोण?

तुम्ही म्हणाल, सोनं निसर्गातली वस्तू आहे, तलाव माणसाने बांधलेला. पटनमला तिथे कशाला ओढता? पण त्यानेच हा विचार पेन्सिलीसारख्या बनवलेल्या वस्तूंनाही लावला होता. तेव्हा ओढायला हरकत नाही.

'तलाव' या शब्दाचे जाणकार कोण? सरकारी कागदात तलाव मोजतात तो सिंचनक्षमतेवर, म्हणजे किती हेक्टर भिजतं यावर. 100 हेक्टरपर्यंतचे तलाव जिल्हा परिषदेकडे. या अर्थाने तलाव म्हणजे पाण्याची टाकी: गाद साचली, क्षमता घटली; गाद काढली, क्षमता वाढली. धान पिकवणाऱ्या शेतकऱ्यालाही हा अर्थ हवाच असतो.

पण मासे धरणाऱ्या ढिवराला विचारा. त्याच्यासाठी तलाव म्हणजे काठचा उथळ भागसुद्धा, जिथे पाणवनस्पती वाढतात आणि मासे अंडी घालतात. तिथे देवधान, म्हणजे रानटी भात, आहे की बेशरम माजलीय, यावर तो तलाव चांगला की वाईट ते ठरवतो. शेतातल्या छोट्या साठ्याला इकडे 'बोडी' म्हणतात, तलाव म्हणत नाहीत. हा फरकही वापरणाऱ्यांनीच केलेला. आता गाळ काढणारं मशीन उथळ काठ खरवडून गेलं, तर एका जाणकाराच्या मते तलाव सुधारला आणि दुसऱ्याच्या मते मोडला. शब्द एकच, तलावही एकच. पटनमच्या सोनाराच्या दुकानात असे दोन सोनार भांडताना दिसत नाहीत.

क्रिप्केचा चाहता यावर म्हणेल की दोघेही त्याच तलावाबद्दल बोलतायत, म्हणजे निर्देश शाबूत आहे. भांडण राजकारणाचं आहे, अर्थाचं नाही. अर्धं मान्य. 'हा तलाव' म्हणून बोट कुठे जातं, ते साखळी सांगते. पण 'तलाव दुरुस्त झाला' हे वाक्य खरं की खोटं, ते साखळी सांगू शकत नाही. त्यासाठी तलाव कशाला म्हणायचं ते लागतं, आणि ते वापरातून येतं. वाक्य कधी खरं ठरतं हा प्रश्न अर्थाचा नसेल, तर अर्थाचा प्रश्न उरतो तरी कुठला?

आता त्या 'माजी' कडे वळू. मध्य प्रदेशात 1950 साली मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि नावाला 'माजी' चिकटलं. आता महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 उघडा. विदर्भासाठी तिच्यात 'वाजिब-उल-अर्ज' नावाची तरतूद आहे: सिंचन आणि मासेमारीच्या गावच्या रूढी लिहून ठेवायच्या. गावकऱ्यांचा वापर कागदावर आणायची याहून चांगली जागा कुठली? पण ही नोंद अशा जमिनीची आणि पाण्याची, जे सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीचं वा ताब्यातलं नाही. म्हणजे 'मालगुजारी' च्या आधी 'माजी' लागलं, की त्या पाण्यावरच्या वहिवाटीला या वहीत जागा राहत नाही. आपण ज्याला गमतीने मामा म्हणतो, त्यातला पहिला 'मा' इतकं मोठं काम करतोय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: श्रमविभागणीचा सिद्धांत चूक नाही, अपुरा आहे. जाणकारांवर विसंबून शब्द चालतात हे खरं, पण जाणकार निवडण्याचं कामही कुणीतरी करत असतं, आणि त्या निवडीबरोबर शब्दाचा अर्थ सरकतो. एल्म आणि बीचच्या बाबतीत याने फारसं कुणाचं बिघडत नाही. इथे कुणाचे मासे जातात, कुणाचं धान भिजतं.

तुमच्या भागात तलाव, बोडी, नाला, गायरान यांपैकी कुठल्याही कामाचा फलक दिसला, तर त्यावरचं नाम कुणाच्या अर्थाने लिहिलंय ते जरा विचारून बघा. विचारायला तत्त्वज्ञानाची पदवी लागत नाही.