आज्ञापत्रांतील वृक्षप्रकरण : एका रूढ अर्थाचें परीक्षण

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतील झाडांविषयींचा मजकूर अलीकडे सर्वतोमुखीं झाला आहे. पुष्कळ ठिकाणीं तो शिवछत्रपतींचें पत्र म्हणूनच छापतात. वस्तुतः ग्रंथ सुमारें १७१५ चा, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या नांवें निघालेला. थोरल्या महाराजांच्या राजनीतीची परंपरा त्यांत आहे, एवढेंच म्हणतां येईल. पण हा दोष लहान. आमचा मुख्य आक्षेप अर्थाविषयीं आहे.

वाक्याचा अर्थ प्रकरणावरून लावावा, हा मीमांसकांचा नियम. येथें प्रकरण आरमाराचें आहे, वृक्षरक्षणाचें नव्हे. जहाजांस लागणारें मोठें लाकूड कोठून मिळवावें, हें अमात्य सांगत आहेत. स्वराज्यांतील रानांतले साग वगैरे हुजूरच्या परवानगीनें घ्यावे; उणें पडेल तें परमुलखांतून विकत आणावें; रयतेच्या आंब्याफणसांवर मात्र जुलूम करूं नये, एखादें झाड अगदीं जीर्ण असल्यास धन्यास राजी करून, द्रव्य देऊन मगच घ्यावें. म्हणजे ज्या झाडांविषयीं एवढा कळवळा, तीं कोणाच्या तरी मालकीचीं आहेत. सामायिक रानाचें रक्षण केवळ परवानगीवर सोंपविलें आहे. तोड कोठें थांबवावी, हें तेथें सांगितलेलें नाहीं.

तरीहि अमात्यांची दृष्टि असामान्यच म्हटली पाहिजे. झाड पाडण्यास घटका पुरते, वाढविण्यास पिढी लागते, हा कालभेद त्यांनीं ओळखला. बाजारभावांत तो दिसत नाहीं. रयतेचें दुःख फिरून दौलतीवरच येतें, हें कार्यकारणाचें वर्तुळहि ते दाखवितात. आजच्या व्यवस्थाविचाराचें मर्म हेंच. फक्त वर्तुळ स्वराज्याच्या सीमेशीं संपतें. परमुलखांतील रानाचें काय झालें, हा प्रश्न त्यांस पडत नाहीं.

असाच प्रश्न एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या १९९० च्या ग्रंथाविषयीं मनांत येतो. गॅरेट हार्डिन यांनीं १९६८ सालीं सामायिक कुरणाचा नाश अटळ ठरविला. पण त्यांचें कुरण बिननियमाचें होतें. ऑस्ट्रॉमबाईंनीं नियम पाळणारे समाज दाखविले. तुर्कस्तानांतील अलान्याचे कोळी सप्टेंबरांत चिठ्ठ्या टाकून जाळ्यांच्या जागा ठरवीत आणि रोज एकेक जागा पुढें सरकत, हें त्यांतील उदाहरण फारच मार्मिक आहे.

आमच्या कसालच्या तिठ्यावरून मालवणचा रस्ता फुटतो. त्या किनाऱ्यावर रापण ओढणारे अनेक जण मिळून जाळें ओढतात व मासळीचे वांटे करतात. ऑस्ट्रॉमबाईंचा पहिला दंडक, मालमत्तेची व हक्कदारांची स्पष्ट सीमा, येथें अडखळतो. बांगडा-तारली गांवची सीमा जाणत नाहींत, आणि दूरच्या बंदरांतून येणारी पर्ससीनची नौका गांवचा नियम जाणत नाहीं. ती जितकी मासळी नेते तितका तिला नफा. तुटीचा वांटा मात्र रापणकारांच्या पदरीं पडतो. लहान संस्था मोठ्या संस्थेंत गुंफाव्या, असें त्यांचें आठवें तत्त्व आहे खरें. महाराष्ट्रांत १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, पर्ससीनवर मर्यादा घालणारा २०१६ चा आदेशहि आहे. परंतु या कायद्यांत रापणकार हा तक्रारदार आहे, नियमकर्ता नाहीं. गुंफण येथें तुटते, आणि ग्रंथांत तिच्यावर सर्वांत थोडें लिहिलें आहे.

आज्ञापत्राचे उतारे छापणाऱ्यांस इतकीच विनंती, कीं आंब्याफणसांच्या वाक्यांसोबत परमुलखांतील खरेदीचें वाक्यहि छापावें. बहुतेक उताऱ्यांत तेवढेंच गळलेलें असतें.