हजेरीपट म्हणावा की जनरल रजिस्टर?

चिखली म्हटले की पुण्याकडच्या वाचकांना पिंपरीशेजारची चिखली आठवते. ही चिखली बुलढाणा जिल्ह्यातली, बुलढाण्याहून मेहकरकडे जाताना लागते ती. तिथल्या एका शाळेच्या संगणक कक्षात काही वर्षांपूर्वी, मृगाच्या पावसात, वीज कडाडली आणि एका संगणकाचे नेटवर्क कार्ड जळाले. कक्ष सांभाळणाऱ्या सरांनी नवे कार्ड बसवले आणि त्याला जुनाच आयपी पत्ता द्यायला घेतला. पडद्यावर संदेश आला. त्याचा भावार्थ असा : हा पत्ता आधीच दुसऱ्या एका कार्डाला दिलेला आहे, ते कार्ड संगणकात बसवलेले नसल्यामुळे यादीत दिसत नाही. सर जळके कार्ड हातात धरून मला म्हणाले, “हे आत नाही हे याला कळते. तरी त्याची जागा मोकळी करत नाही. आणि ते यादीतही दाखवत नाही. मग मी खोडू काय?”

सरांचा हा शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. विंडोजमधल्या ‘डिव्हाइस मॅनेजर’ या सोयीवरची याहून नेमकी टीका माझ्या वाचनात नाही.

आपण शिक्षक मंडळी दोन प्रकारच्या नोंदी ठेवतो. हजेरीपटावर आज वर्गात कोण आहे ते कळते. जनरल रजिस्टरमध्ये शाळेत आजवर कोण कोण आले ते असते. मुलगा दाखला घेऊन गेला तरी त्याचे नाव तिथून खोडत नाहीत, फक्त शाळा सोडल्याची तारीख लिहितात. दोन्ही वह्या हव्यातच. घोटाळा होतो तो एक वही दुसरी म्हणून पुढे केल्यावर. डिव्हाइस मॅनेजरचे नेमके हेच झाले आहे. आत नोंदी ठेवल्या जातात त्या जनरल रजिस्टरच्या पद्धतीने, आणि आपल्याला दिसतो तो हजेरीपट.

हे रजिस्टर कसे भरले जाते ते पाहण्यासारखे आहे. यूएसबी उपकरण जोडले की संगणक त्याला प्रथम ओळख विचारतो. उपकरण दोन क्रमांक सांगते, एक उत्पादकाचा आणि एक वस्तूच्या प्रकाराचा. प्रत्येक क्रमांक १६ बिटांचा. काही उपकरणे यापुढे जाऊन स्वतःचा अनुक्रमांकही सांगतात, काही सांगत नाहीत. अनुक्रमांक असेल तर विंडोज त्या उपकरणाला व्यक्ती म्हणून ओळखते; ते कोणत्याही खाचेत लावा, नोंद एकच राहते. अनुक्रमांक नसेल तर मात्र ते कोणत्या खाचेत लावले त्यावरून ओळख ठरते. म्हणजे मुलाला नावाने न ओळखता तो कोणत्या बाकावर बसला यावरून ओळखण्यासारखे. तोच मुलगा उद्या दुसऱ्या बाकावर बसला की रजिस्टरमध्ये एक नवा विद्यार्थी दाखल!

ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे (नीती आयोगाने ही योजना २०१६ मध्ये सुरू केली) तिथे हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून सहज करून घेता येईल. मूळ बनावटीच्या आर्डुइनो उनो पाट्यांना अनुक्रमांक असतो. स्वस्त पाट्यांवर बहुधा सीएच-३४० नावाची चिप असते आणि तिला तो नसतो. एकाच संगणकावर वर्गातल्या तीस मूळ पाट्या आळीपाळीने लावल्या तर तीस नोंदी तयार होतात आणि प्रत्येकीला स्वतःचा कॉम क्रमांक मिळतो : कॉम-३, कॉम-४, कॉम-५ असे करत पार तिशीच्या पुढे. तीस स्वस्त पाट्या एकाच खाचेत लावल्या तर सगळ्या मिळून एकच क्रमांक वापरतात. खाच बदलली की क्रमांक बदलतो. अनेक शिक्षकांना वाटते की पाटी बिघडली, म्हणून क्रमांक बदलला. पाटी ठणठणीत असते. बाक बदललेला असतो.

हे क्रमांक विंडोज जिथे राखून ठेवते ती जागाही मोठी गमतीची आहे. रजिस्ट्री नावाच्या तिच्या भांडारात एक छोटी पट्टी असते, एका क्रमांकाला एक बिट. २५६ क्रमांक, म्हणजे अवघे ३२ बाइट. क्रमांक दिला की तिथे ० चा १ होतो. उपकरण उपटून कपाटात ठेवले तरी १ तसाच राहतो, आणि क्रमांक निवडायच्या यादीत त्यापुढे ‘वापरात आहे’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द दिसतात. इथे माझा सर्वात मोठा आक्षेप आहे. कपाटात पडलेली पाटी काही वापरात नाही. तिचा क्रमांक राखून ठेवला आहे. एस.टी.च्या बाकावर रुमाल टाकलेला असणे आणि माणूस बसलेला असणे यांतला फरक आपल्याकडे पोरसवदा प्रवाशालाही कळतो. यात व्यवहाराची अडचणही आहे. काही जुने प्रोग्राम कॉम-९ च्या पुढचे क्रमांक ओळखतच नाहीत. एकअंकी क्रमांक गैरहजर उपकरणांनी अडवले की नवी पाटी कॉम-१४ वर जाऊन बसते आणि प्रोग्राम म्हणतो, पाटीच नाही.

लक्षात ठेवण्याला माझा विरोध नाही. प्रिंटर सुट्टीनंतर पुन्हा जोडला की त्याच्या मांडण्या तशाच परत याव्यात, ही अपेक्षा रास्तच आहे. दोष लपवण्यात आहे. विंडोज ७ पर्यंत गैरहजर उपकरणे पाहायची तर एक लांबलचक नावाचा ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल’ हाताने लिहून त्याची किंमत १ करावी लागे. गावच्या शाळेतल्या शिक्षकाला हे कोण सांगणार? विंडोज ८ पासून ‘व्ह्यू’मधले ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडले की पुरते. अशी उपकरणे फिकट चित्राने दिसतात, आणि गुणधर्म उघडले तर ‘कोड ४५’, म्हणजे उपकरण सध्या जोडलेले नाही, असे लिहिलेले असते. सुधारणा झाली हे मान्य. पण ‘लपलेली’ या एकाच नावाखाली गैरहजर उपकरणेही आली आणि एरवी दाखवत नाहीत ती प्रणालीची अंतर्गत सामग्रीही आली. उपकरण शेवटचे कधी काढले ती तारीख विंडोज लिहून ठेवते, पण ती ‘डिटेल्स’मधल्या लांब यादीत शोधावी लागते. रजिस्टरात शाळा सोडल्याच्या तारखेचा रकाना आहे, पण तो पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला छापला आहे, असा हा प्रकार.

आता दुसऱ्या बाजूचेही बोलले पाहिजे. ‘फिकट दिसेल ते सगळे पुसा, संगणक पळू लागेल’ हा सल्ला संगणक दुरुस्तीच्या दुकानांतून आणि मित्रमंडळींकडून सर्रास मिळतो. त्यात तथ्य नाही. अशी एक नोंद फार थोडी जागा घेते, आणि उपकरणच नसेल तर त्याचा ड्रायव्हर सहसा स्मृतीत चढत नाही. जनरल रजिस्टर जाड झाले म्हणून वर्गात गर्दी होत नाही. पुसायचे ते कारण असेल तेव्हाच : पत्ता अडला, कॉम क्रमांक अडले, चुकीचा ड्रायव्हर लागून उपकरण हट्टाला पेटले, किंवा एका संगणकाची हार्ड डिस्क दुसऱ्यात बसवली तेव्हा. त्या वेळी फिकट नोंदीवर उजवी कळ दाबून ‘अनइन्स्टॉल’ करावे. सोबत ड्रायव्हरही काढण्याची चौकट दिसली तर ती रिकामी ठेवावी, कारण त्याच जातीच्या दुसऱ्या उपकरणाला तो ड्रायव्हर लागेल. प्रणालीच्या आणि डिस्क-व्हॉल्यूमच्या फिकट नोंदींना हात लावू नये. चुकून एखाद्या माउसची नोंद गेलीच तर घाबरायचे कारण नाही. माउस पुन्हा लावला की नवी नोंद होते, गेल्याच तर त्याच्या मांडण्या जातात. पेन ड्राइव्हच्या नोंदी तर गुन्ह्याच्या तपासातही उपयोगी पडतात, कोणता पेन ड्राइव्ह या संगणकाला लागला होता ते त्यांवरून सांगता येते. कक्षात काही गैरप्रकार झाल्याचा संशय असेल तर साफसफाईची घाई करू नये हे बरे.

लिनक्सवाल्यांनी फार हुरळून जाऊ नये. तिथेही नेटवर्क कार्डाचा पत्ता एका फाइलमध्ये टिपून ठेवण्याची रीत बरीच वर्षे होती. कार्ड बदलले की नव्याला ‘ईथ-०’ ऐवजी ‘ईथ-१’ नाव मिळे आणि जाळे बंद पडे. फरक एवढाच की ती साधी मजकुराची फाइल होती. उघडली की जळक्या कार्डाची ओळ दिसे आणि खोडता येई. २०१३ पासून कार्ड कोणत्या जागी बसवले आहे त्यावरून नाव देण्याची पद्धत आली. म्हणजे पुन्हा बाकावरून ओळख! कार्ड दुसऱ्या खाचेत हलवले की नाव बदलते. नावाने ओळखावे की बाकाने, याचे सर्वांना पटेल असे उत्तर अजून कुणाला सापडलेले नाही. पण ओळखीची वही वापरणाऱ्याला वाचता आली पाहिजे, एवढे मागायला हरकत नसावी.

सरांनी त्या दिवशी लपलेली नोंद शोधून पुसली, जुना पत्ता नव्या कार्डाला दिला आणि मुले कामाला लागली. जळके कार्ड मात्र कपाटात आहे. ते अजून डेडस्टॉक रजिस्टरला आहे. निर्लेखनाचा ठराव व्हायचा आहे.