येशूचा भाऊ

येशू खरोखर होऊन गेला का, या वादात तॅसिटसचा दाखला हटकून दिला जातो. पण पिलाताने ख्रिस्ताला देहदंड दिला हे त्याने लिहिले इ. स. ११६ च्या सुमारास. तोवर ख्रिस्ती मंडळी ही कथा कित्येक दशके सांगतच होती, त्यामुळे तो पुरावा मी बाजूला ठेवतो. येशूचे अस्तित्व मानणारे बार्ट अरमन आपल्या २०१२ च्या पुस्तकात शुभवर्तमानांमागच्या हरवलेल्या, केवळ तर्काने मानलेल्या लेखनालाही स्वतंत्र साक्षीदार म्हणून मोजतात. हेही मला पटत नाही.

माझ्या दृष्टीने सगळा वाद येऊन थांबतो तो याकोबापाशी. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की, यरुशलेमात आपण पेत्राकडे पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. हे पत्र मार्काच्या शुभवर्तमानाआधीचे आहे. काल्पनिक पुरुषाला भेटता येण्याजोगा भाऊ कुठून येणार?

अस्तित्व नाकारणारे रिचर्ड कॅरिअर २०१४ च्या आपल्या ग्रंथात म्हणतात, बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक जण प्रभूचा भाऊच. ऐकायला ठीक आहे. पण करिंथकरांना लिहिताना पौल प्रवासात पत्नीला सोबत नेण्याचा हक्क सांगतो आणि दाखला देतो प्रेषितांचा, प्रभूच्या भावांचा आणि पेत्राचा. तिथे ‘भाऊ’ म्हणजे कोणीही ख्रिस्ती असेल, तर त्या दाखल्यात जोर तो काय उरला? शिवाय पौलाचे याकोबाच्या माणसांशी अंत्युखियात बिनसले होते, आणि आपली सुवार्ता कोणा माणसाकडून मिळालेली नाही हा त्याचा हट्ट. अशा माणसाला प्रतिपक्षाचे येशूशी असलेले रक्ताचे नाते सोयीचे नव्हते. तरी तो ते लिहून जातो.

जोसेफसही इ. स. ९३ च्या सुमारास याकोबाला दगडमार झाल्याचे सांगताना त्याची ओळख ‘ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ’ अशी देतो. कॅरिअर यांच्या मते ‘ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या’ हे शब्द प्रक्षिप्त आहेत. जोसेफसच्याच अठराव्या खंडातल्या येशूविषयीच्या मजकुरावर ख्रिस्ती हात फिरला आहे, हे मीही मानतो. पण श्रद्धाळू नकलकार ‘म्हटल्या जाणाऱ्या’ असे कशाला घालील? एका भावाला घालवायला कॅरिअरना दोन ठिकाणी दोन वेगळ्या युक्त्या लागतात, तिथेच माझा विश्वास डळमळतो.

गंमत म्हणजे हा भाऊ चर्चलाही जड गेला. मरिया आजन्म कुमारी राहिली हे टिकवण्यासाठी चौथ्या शतकात जेरोमने याकोबाला येशूचा मावसभाऊ ठरवले.