लांब लेन्स, साडेसहा मीटर आणि शिवडी बंदर

रस्त्यावरच्या फोटोग्राफीला लांब लेन्स नको, हा सल्ला तुम्ही कॅमेरावाल्या कुठल्याही मित्राकडून ऐकाल. २८ किंवा ३५ मिमी घे, माणसाच्या जवळ जा, लांबून काढणं म्हणजे चोरून काढणं. मला हा सल्ला अर्धाच पटतो. उरलेल्या अर्ध्याशी माझं जे भांडण आहे, ते पीएचडीला लागणाऱ्यांच्या कामाचं आहे, म्हणून ते इथे मांडतेय.

माझ्याकडे १३५ मिमीची जुनी, हाताने फोकस करायची लेन्स आहे. ॲडॉप्टर लावून ती फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर चालते. आधी आकडे बघा. २८ मिमीची लेन्स एफ ८ ला ठेवली आणि साधारण सव्वातीन मीटरवर फोकस लावला, तर दीड-पावणेदोन मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. फोकसचा विचार संपला, समोर येईल ते टिपायचं. माझी १३५ एफ ५.६ ला सहा मीटरवर लावली, तर स्पष्ट पट्टा उरतो जेमतेम पासष्ट सेंटिमीटरचा. समोरून येणारा माणूस सेकंदाला सव्वा मीटर तरी चालतो, म्हणजे या पट्ट्यात तो अर्धा सेकंद असतो. त्याच्यामागे रिंग फिरवत बसलात तर तो पुढे गेलेला असतो आणि तुमच्याकडे एक धूसर शर्ट उरतो.

मग करायचं काय? जागा आधी ठरवायची. फरशीवरची एखादी भेग, नाहीतर खांबाची सावली. तिच्यावर फोकस लावायचा, रिंग सोडून द्यायची आणि कोणीतरी तिथे येईपर्यंत थांबायचं. रुंद लेन्सवाला आधी खूप गोळा करतो आणि घरी जाऊन निवडतो. लांब लेन्सवाल्याला निवडीचा बराचसा भाग आधीच, उघडपणे करावा लागतो. डेटा हाती आल्यावर प्रश्न शोधणारे आणि प्रश्न ठरवून डेटाला जाणारे यांच्यात जो फरक आहे, साधारण तोच हा. म्हणून ही लेन्स मला आवडते. ती त्रास देते, पण तुम्ही काय ठरवलं होतं ते विसरू देत नाही.

या पद्धतीचं सगळ्यात टोकाचं उदाहरण म्हणजे फिलिप-लोर्का डिकोर्सिया या अमेरिकन छायाचित्रकाराची ‘हेड्स’ ही मालिका. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये त्याने उंचावर फ्लॅश बांधले, फुटपाथवर एक जागा नक्की केली आणि सुमारे वीस फुटांवरून लांब लेन्सने तिथे येणाऱ्यांचे चेहरे टिपले. वीस फूट म्हणजे सहा मीटर, आपला वरचाच हिशोब. हजारो फोटोंमधून सतरा निवडले आणि २००१ मध्ये मांडले. फोटो विलक्षण आहेत. भर गर्दीत काळ्याभोर पार्श्वभूमीवर एकच चेहरा, देवळात एकट्याच उभ्या असलेल्या माणसासारखा. प्रयोग म्हणूनही मांडणी चोख आहे: जागा, अंतर, प्रकाश, सगळं स्थिर. बदलतो तो फक्त माणूस.

तरीही ती मालिका मला पूर्ण पटत नाही. स्थिर ठेवलेल्या गोष्टींच्या यादीत एक गोष्ट अशी आहे जी आपण सहसा मोजत नाही: समोरच्याचं अज्ञान. फोटोतल्या एका वृद्ध, धर्मनिष्ठ ज्यू गृहस्थाने दावा लावला. आपली प्रतिमा अशी वापरली जाणं त्याच्या श्रद्धेविरुद्ध होतं. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तो फेटाळला, ही कला आहे म्हणून. कायद्याचा प्रश्न सुटला असेल. मला पडतो तो पद्धतीचा: त्या चेहऱ्यांवर जो एकटेपणा दिसतो तो त्या माणसांचा, की वीस फूट अंतर आणि काळी पार्श्वभूमी यांचा? सतरा फोटो बघून हे सांगता येत नाही, कारण दुसऱ्या अंतरावरून काढलेला एकही फोटो शेजारी नाही. कंट्रोल नाही, आपल्या भाषेत.

याच्या अगदी उलट टोकाला आपल्या मुंबईतलं सुधारक ओलवे यांचं सफाई कामगारांवरचं काम ठेवा. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की त्या कृष्णधवल फोटोंमध्ये कॅमेरा कामगारांच्या कामात आणि घरात शिरलेला आहे आणि त्यांना तो आहे हे माहीत आहे. निरीक्षकामुळे वागणं बदलतं, हा आक्षेप इथे घेता येईल. बदलत असेलच. पण तो बदल फोटोत दिसतो, बघणाऱ्याला तो हिशोबात धरता येतो. ‘हेड्स’मध्ये निरीक्षक स्वतःला पुसून टाकतो आणि आपण त्या पुसण्यालाच वस्तुनिष्ठता समजतो.

आता लांब लेन्सचा दुसरा आरोप, ती अंतर चेपते, हा. इथे एक दुरुस्ती हवी: चेपते ती लेन्स नव्हे, तुम्ही उभे आहात ते अंतर. एकाच जागेवरून २८ ने आणि १३५ ने फोटो काढा, २८ च्या फोटोचा मधला तुकडा कापा. रचना तीच निघेल, फक्त खरबरीत. करून बघाच. २०२० मध्ये कोविडच्या वेळी डेन्मार्कमधल्या दोन वृत्तछायाचित्रकारांनी एकाच प्रसंगाचे रुंद आणि लांब लेन्सने फोटो काढून शेजारी ठेवले. एकात लोक नियम पाळून लांब उभे, दुसऱ्यात खांद्याला खांदा. ‘हेड्स’मध्ये मला जे हवं होतं ते हेच.

शिवडीत हे रोज घडतं. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत खाडीच्या चिखलात रोहित उतरतात आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू तिथूनच निघतो. गुलाबी पक्षी आणि त्यांच्या पाठीला चिकटलेला पूल, हा फोटो तुम्ही पाहिला असणार. समजा पक्षी तुमच्यापासून १०० मीटरवर आणि खांब ५०० मीटरवर आहे. खांब पाचपट लांब. पक्ष्यापासून २० मीटरवर जाता आलं असतं, तर तोच खांब एकवीसपट लांब झाला असता, म्हणजे पक्ष्याच्या तुलनेत चारपटीहून लहान. पक्षी तिथेच, पूल तिथेच. पण पहिल्या फोटोवरून एक म्हणतो विकासाने पक्ष्यांना गिळलं, दुसरा म्हणतो बघा कसे आनंदाने नांदतायत. दोघांच्याही हातात पुरावा म्हणून आहे ते फक्त छायाचित्रकाराचं उभं राहण्याचं ठिकाण. वाय-अक्ष शून्यापासून सुरू न करणाऱ्या आलेखासारखंच आहे हे. खोटं काही नाही, पण अक्ष वाचल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही. त्या फोटोखाली पक्ष्यांच्या जातीचं नाव असतं, कॅमेऱ्याचं असतं, अंतर मात्र कधीच नसतं.

मीही वेगळं काही केलं नव्हतं. शिवडी स्टेशनला पूर्वेकडे उतरून बंदराकडे चालत गेलं की ओहोटीत चिखलावर टेकलेल्या लाकडी होड्या दिसतात, त्यांची दुरुस्ती चालू असते. फळ्यांच्या फटीत कापूस ठोकणाऱ्या एका काकांवर मी साडेसहा मीटरवरून फोकस लावून बसले होते. अर्ध्या तासाने त्यांनीच हाक मारली, “ताई, लांबून काय काढताय? दाखवा की.” दाखवला. मला तो फोटो फार आवडला होता: काका, आणि त्यांच्या डोक्यावर झुकलेली भलीमोठी होडी, जणू आत्ता अंगावर येईल.

त्यांनी स्क्रीन डोळ्यांजवळ नेली. “ही मागची आमची नाय. ती पार तिकडं आहे,” म्हणाले आणि हातातल्या हातोडीने दाखवलं. मी वळून पाहिलं. मधे पाणी होतं, दोन दोर होते आणि चिखलात खेळणारी तीन पोरं होती.

दुसरा फोटो मी त्यांच्या शेजारी उभी राहून काढला, २८ ने. त्यात पोरं आहेत, होडी नखाएवढी आहे आणि काका कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. प्रबंधात मी दोन्ही एकाच पानावर लावणार आहे, खाली अंतर लिहून.