आकडा कोणासाठी?

अमेरिकन विद्यापीठांत एक खास कार्यालय असते. त्याच्या नावात 'संशोधन' असते, पण प्रयोगशाळा नसते. अभ्यासाचा विषय असतो खुद्द विद्यापीठ: किती विद्यार्थी आले, किती मधेच गेले, कुठे अडले. विद्यापीठाचे प्रमुख या कार्यालयाचे कौतुक करतात ते बहुधा अहवाल वेळेवर गेले म्हणून, क्रमवारीत नाव वर आले म्हणून. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

कोलंबिया विद्यापीठाचे उदाहरण घ्या. २०२१ साली 'यू. एस. न्यूज'च्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर होते. विसापेक्षा कमी विद्यार्थ्यांचे वर्ग ८२.५ टक्के, असे विद्यापीठाने कळवले होते. तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी सर्वांना उपलब्ध असलेल्या वर्गसूचीवरून पुन्हा मोजदाद केली. उत्तर आले ६३ ते ६७ टक्क्यांच्या आसपास. हे त्यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर केले. सप्टेंबरमध्ये विद्यापीठाने स्वतःच ५७.२ टक्के हा आकडा दिला आणि क्रमांक अठरावर घसरला.

बरे, आकडा बिनचूक असता तरी काय कळले असते? समजा, दहा-दहा विद्यार्थ्यांचे नऊ वर्ग आहेत आणि ११० जणांचा एक. म्हणजे ९० टक्के वर्ग लहान! पण २०० जागांपैकी ११० त्या एकाच मोठ्या वर्गात आहेत. वर्ग मोजले तर चित्र छान दिसते, विद्यार्थी मोजले तर निम्म्याहून अधिक गर्दीत बसलेले. (हे गणित फळ्यावर जरूर मांडून पाहा.) बाहेर दाखवायला पहिला आकडा सोयीचा. शिकवण्याच्या दृष्टीने दुसराच कामाचा, आणि तो कोणी मागत नाही.

अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने आतल्यासाठी आकडे पाहिले. पदवीच्या जवळ पोचलेले कित्येक विद्यार्थी किरकोळ शुल्क थकल्यामुळे गळत होते. २०११ पासून विद्यापीठ अर्जाची वाट न पाहता अशांच्या खात्यात लहानशी रक्कम भरू लागले. सहा वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण २००३ मध्ये ३२ टक्के होते, ते २०१४ पर्यंत ५४ टक्के झाले. सगळे श्रेय त्या रकमेला देता येणार नाही. विद्यार्थ्यांच्या गुणांवर नजर ठेवून वेळीच सल्ला देण्याची व्यवस्थाही २०१२ पासून सुरू झाली होती. पण शुल्काची थकबाकी काही नव्याने मोजावी लागली नाही. ती विद्यापीठाच्या दप्तरात आधीपासून नोंदलेलीच होती.