सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे

आजारावरच्या बऱ्याच कादंबऱ्या वाचकाला रडवतात आणि तिथेच संपतात. पॅट्रिक नेस यांची किशोरांसाठी लिहिलेली इंग्रजी कादंबरी ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ (२०११) रडवते, पण वाचून झाल्यावर एक प्रश्नही मागे ठेवते. घरात कुणी मरणपंथाला लागले असताना त्या घरातल्या मुलाशी आपण खरे बोलतो का?

हे पुस्तक आजाराच्याच सावलीत जन्मले. मूळ कल्पना शिवॉन डाउड या लेखिकेची. २००७ साली वयाच्या ४७व्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले आणि ती कल्पना नेस यांनी कादंबरीत उतरवली. कथानक साधे आहे. तेरा वर्षांच्या कॉनरची आई कर्करोगाने आजारी आहे. वडील दुसरा संसार थाटून अमेरिकेत राहतात, आजी कडक शिस्तीची. घरामागे चर्चचे कब्रस्तान आणि त्यात एक जुना ‘यू’ वृक्ष. रात्री १२ वाजून ७ मिनिटांनी हा वृक्ष राक्षस होऊन येतो. तो तीन गोष्टी सांगणार असतो, चौथी कॉनरने सांगायची, आणि ती खरी असली पाहिजे.

कॉनरला राक्षसाची भीती वाटत नाही. त्याला भीती आहे ती रोज पडणाऱ्या स्वप्नाची. त्यात आई कड्यावर लोंबकळते आहे आणि तिचा हात त्याच्या हातून सुटतो. अखेरीस तो कबूल करतो की हात सुटला नाही, त्यानेच सोडला. वाट पाहणे असह्य झाले होते, सगळे एकदाचे संपावे असे वाटत होते. आई वाचावी असेही वाटत होते आणि हे संपावे असेही. या दोन्ही इच्छा एकाच मनात राहू शकतात, हे सांगण्याचे धाडस लेखकाने केले आहे.

शिक्षकाने विशेष लक्ष द्यावे असा भाग शाळेचा आहे. आई आजारी म्हणून शिक्षक कॉनरला शिक्षा करत नाहीत, मुले त्याला टाळतात. तो एका मुलाला दवाखान्यात जाईपर्यंत मारतो, तरी शिक्षा नाहीच! त्या दयेमुळे तो सर्वांच्या नजरेतून नाहीसा होतो. बी.एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात आपण सहानुभूतीवर पानभर लिहितो. सहानुभूतीही मुलाला एकटे पाडू शकते, हे मात्र ही कादंबरी शिकवते.

आपल्या घरांतही आजाराचे नाव घेत नाहीत. ‘अम्मीची तबियत जरा नरम आहे’ एवढेच मुलाला सांगतात आणि वर ‘सब्र कर बेटा’ म्हणतात. सब्र हा फार मोठा शब्द आहे, पण आपण त्याचे कुलूप करून मुलाच्या तोंडाला लावतो. उर्दूत रुग्णसेवेला तीमारदारी असा सुंदर शब्द आहे. तीमारदार किती थकला, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. तो तीमारदार तेरा वर्षांचा असेल तर मुळीच नाही.

उणिवा आहेत. औषधे बनवणाऱ्या वैद्याची आणि पाद्र्याची दुसरी गोष्ट लहान वाचकाला गुंतागुंतीची वाटेल. शेवटी राक्षस तात्पर्य फोड करून सांगतो, त्याची गरज नव्हती. पण लेखकाने चमत्काराचा मोह टाळला, ही मोठी गोष्ट. कर्करोगावरचे पॅक्लिटॅक्सेल हे औषध प्रथम यू जातीच्या झाडाच्या सालीतूनच मिळाले. कादंबरीतही आईचा शेवटचा उपचार याच झाडापासून बनलेला आहे, आणि तो लागू पडत नाही. झाड आईसाठी आलेलेच नव्हते, ते मुलासाठी आले होते.

आठवी-नववीच्या मुलांच्या हाती हे पुस्तक जरूर द्यावे. त्याआधी त्यांच्या आईवडिलांनी आणि उस्तादांनी ते वाचावे. मुलाने खरे सांगितले, तर ते ऐकून घेण्याची तयारी आधी मोठ्यांची हवी.